अधिक धान्य पिकवा... पण कुठे?

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि त्याचा चटका थेट मुंबईच्या ताटाला बसला. ब्रह्मदेशाचा तांदूळ हा मुंबईचा मोठा आधार, तोच बंद. सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम काढली. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली.

इंग्लंडमध्ये १९३९ पासूनच लोक घरामागची हिरवळ खणून बटाटे लावत होते. अमेरिकेत अशा जवळपास २ कोटी परसबागा झाल्या. आपल्याकडे घोषणा आली, पण प्रॉब्लेम साधा होता. दहा बाय दहाच्या खोलीत पिकवायचं कुठे? परळच्या गिरणी कामगाराकडे जागा फार तर तुळशीपुरती. भिंतीवरची घोषणा वाचून तो रेशनच्या रांगेत जाऊन उभा राहिला असणार, दुसरं काय!

१९६५ ला पुन्हा तेच. युद्ध, त्यात पावसाने दिलेला दगा, आणि गव्हासाठी अमेरिकेच्या पीएल-४८० कडे डोळे. शास्त्रीजींनी लोकांना सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं आणि स्वतःच्या बंगल्याच्या लॉनवर पीक घेतलं. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. पण लॉन असायला बंगला लागतो हेही खरंच ना मंडळी?

आता आमच्या वसईकडे येतो. इथे परसबाग लावा म्हणून सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. वाडवळ काय, कुपारी काय, घर म्हणजे वाडीच्या मधोमध. केळी, पानवेली, मोगरा, वांगी, दुधी, अळू. जास्तीच्या केळ्यांची उन्हात वाळवून सुकेळी. पाण्याला विहीर, विहिरीवर बैलाचा रहाट, शिवाय बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखालच्या बाया भाजीच्या टोपल्या घेऊन गाडीने मुंबईला जायच्या. चाळवाल्याने पिकवायची भाजी इकडून डोक्यावरून जात होती म्हणा ना.

वसईचं खरं संकट आलं ते १९८० नंतर, आणि ते भुकेचं नव्हतं. मुंबईत घर परवडेना म्हणून माणसं विरार लोकलने इकडे सरकली (आम्हीही त्यातलेच). बिल्डिंगा उठल्या, त्यांना पाणी हवं, नळ नाही. मग वाड्यांतल्या विहिरींना पंप लागले आणि टँकर भरू लागले.

इथे थोडं इंजिनिअरिंग, कंटाळू नका. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. कागदावरचं गणित असं, की भूजल समुद्रपातळीच्या १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी. म्हणजे उपसून वरची पातळी अर्धा मीटर उतरवली की खालून खारं पाणी २० मीटर वर सरकणार! प्रत्यक्षात मधे खडक असतात, आकडे बदलतात, पण दिशा तीच. विहीर खारट झाली की पानवेल आधी माना टाकते, मग केळ.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या साथीदारांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली ती ह्या पार्श्वभूमीवर. बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात उभं राहणं ही तेव्हाच्या वसईत गंमत नव्हती. तरीही काँक्रीट यायचं ते आलंच. पुढे सूर्या धरणाचं पाणी आलं, २००९ मध्ये महापालिका झाली. पश्चिमेच्या गावांत जी हिरवाई अजून दिसते तिच्यात त्या भांडणाचा वाटा मोठा आहे, असं माझं मत.

मधल्या काळात ‘पिकवायचं कुठे’ याचं उत्तर मात्र मिळालं होतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून दाखवलं की पालापाचोळा कुजवून माती करता येते, ती सापडावी लागत नाही. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या गच्चीवर थर्माकोलच्या खोक्यांत मेथी आली ती ह्याच पद्धतीने, फक्त लावणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नव्हता. (मेथी महिन्याभरात हाताशी येते, नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. टोमॅटोच्या नादी लागू नये.)

पण मला ती खोकी बघून वेगळंच सुचतं. आमच्या पार्किंगखाली वाडीची जुनी विहीर आहे, वर स्लॅब टाकून बंद केलेली. गच्चीवरचं पावसाचं पाणी मात्र पाइपातून गटारात जातं. ते गाळून विहिरीत सोडावं असा अर्ज मी सोसायटीला दिलाय. सेक्रेटरी काका म्हणाले, आधी प्लंबरचं कोटेशन आण. रविवारी प्लंबर येणार आहे.