लोखंडेंचा रविवार आणि माझं कोरोनाचं वर्ष

आज 10 मार्च. सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. आज सगळीकडे त्यांचे फोटो दिसतायत, दिसायलाच हवेत. पण मला आज त्याच साथीत गेलेल्या एका संपादकाबद्दल लिहायचंय. काल राज्यात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडल्याला वर्ष झालं, आणि हे अख्खं वर्ष मी बातम्या लिहून काढलंय. म्हणून त्यांची आठवण झाली.

नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधु'चे संपादक. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेलं हे पत्र लोखंडेंनी 1880 मध्ये मुंबईला नेलं. तेव्हा गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार जणांच्या सह्यांचं निवेदन दिलं. पाठपुरावा सोडला नाही. शेवटी 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी निवांत मटणाच्या रांगेत उभे राहतो, त्यामागे हा माणूस आहे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. लोक गाठोडी घेऊन गावाकडे पळाले. लोखंडे थांबले, रुग्णांच्या मदतीला धावले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनेच गेले. पाचच दिवस आधी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला होता. गेल्या वर्षी 13 मार्चला आपल्या राज्यात लागू झाला, तो हाच कायदा.

आता माझं सांगतो. मी फ्रीलान्सर, म्हणजे साध्या भाषेत बातमीवर जगणारा. नेमणुकीचं पत्र नाही, विमा नाही, आणि लोखंडेंचा रविवारही नाही. टाळेबंदीत जाहिराती आटल्या, पेपरची पानं निम्म्यावर आली. एप्रिलमध्ये तर घरपोच वाटपावरच बंदी आली, ती नंतर मुंबई-पुण्यासारखे भाग वगळून शिथिल झाली. मला निरोप आला, "आता छापून येईल तेवढ्याचेच पैसे." बातमीमागे साठ रुपये. फोटोचे वेगळे नाहीत.

सगळ्यात सोपी बातमी कोणती? रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी जिल्ह्याची आकडेवारी. नवे बाधित, बरे झालेले, मृत. पाच मिनिटांत बातमी तयार. हायवेवरून पायी निघालेल्या मजुरांशी बोलायला जायचं तर पेट्रोल माझं, पोलिसांचे प्रश्न मलाच, आणि घरी म्हातारे आई-वडील. वर्षभरात मी फक्त दोनदा गेलो. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे निघाले होते. ती बातमी देशभर झाली. पण त्याच आठवड्यात आमच्या रस्त्याने किती जण गेले, कोण कुठले होते, पोहोचले का, यातलं काहीच माझ्या वहीत नाही.

सप्टेंबरात मागच्या गल्लीतल्या मावशींनी मला थांबवलं. त्यांचे मिस्टर आठवड्यापूर्वी कोरोनाने गेले होते. अंत्यविधीला चारच माणसं. त्या म्हणाल्या, "दादा, ह्यांचं नाव आलं का हो पेपरात?" मी म्हणालो, "आलंय." खोटं बोललो. आलं होतं ते एवढंच, 'तालुक्यात आणखी दोघांचा मृत्यू'. ती बातमी मीच दिली होती.

काल हिशेबाची वही काढली. निम्म्याहून जास्त बातम्या आकड्यांच्या. पन्नास वर्षांनी कुणी आपल्या तालुक्याचं हे वर्ष शोधायला बसलं, तर त्याला माझ्याकडून संख्या मिळेल, माणूस मिळणार नाही. लोखंडेंच्या निवेदनाखाली सह्या होत्या. प्रत्येक सही एका माणसाची होती.

साठ रुपयांचं कारण खरं आहे, पण ते अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं माझ्या आळसाचं आणि भीतीचं.

म्हणून एक नवी वही केलीय. या वर्षात आपल्या तालुक्यातून कोरोनाने गेलेल्यांची. नाव, गाव, काय काम करायचे, एवढंच. घरच्यांची हरकत नसेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा, मी घरी येऊन लिहून घेईन. पहिलं नाव मागच्या गल्लीतल्या काकांचं आहे. काल मावशींकडे जाऊन आलो. खरं काय ते सांगितलं. त्यांनी चहा केला, आणि काकांचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट सांगितलं.