‘पे बॅक’ म्हणजे काय? परतफेड की सूड?

‘पे बॅक’ हा इंग्रजी वाक्प्रयोग उसने पैसे परत करणे आणि सूड उगवणे, अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे संदर्भ लक्षात न घेता वाचल्यास उधारी फेडण्याचा साधा मेसेजही धमकीसारखा वाटू शकतो.

शब्दाचे मूळ

‘पे’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ ‘शांत करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. ज्याचे येणे आहे त्याचे समाधान करायचे, यातून ‘पैसे चुकते करणे’ हा अर्थ रूढ झाला.

प्रमुख अर्थ

१. पैसे परत करणे : ‘आय विल पे यू बॅक ऑन मंडे’ म्हणजे ‘सोमवारी तुझे पैसे परत करतो’.

२. उपकार फेडणे : ‘हाऊ कॅन आय एव्हर पे यू बॅक?’ म्हणजे ‘तुमचे उपकार कसे फेडू?’

३. सूड घेणे : ‘आय विल पे हिम बॅक फॉर धिस’ म्हणजे ‘याचा वचपा काढीन’. खेळात मागच्या पराभवाचे उट्टे काढले, की त्यालाही ‘पेबॅक’ म्हणतात. १९९९ च्या ‘पेबॅक’ या हॉलिवूडपटात मेल गिब्सनने साकारलेला नायक आपले ७०,००० डॉलर वसूल करायला निघतो. तिथे वसुली आणि सूड हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

४. गुंतवणूक वसूल होणे : समजा, सौर पॅनेलला १,२०,००० रुपये खर्च आला आणि वर्षाला २४,००० रुपयांचे वीजबिल वाचले, तर ‘पेबॅक पीरियड’ ५ वर्षांचा.

‘पे बॅक टू सोसायटी’

भारतात या शब्दाला सामाजिक अर्थही मिळाला. कांशीराम यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये औपचारिकरीत्या स्थापन झालेल्या ‘बामसेफ’ या कर्मचारी संघटनेने ‘पे बॅक टू सोसायटी’ हा विचार मांडला. शिकून नोकरीला लागलेल्यांनी आपला पैसा, वेळ आणि बुद्धी समाजासाठी खर्च करावी, असा त्याचा आशय. आंबेडकरी चळवळीत हे शब्द आजही वापरले जातात. इथे सुडाचा लवलेशही नसतो.

अर्थ कसा ओळखावा?

वाक्यात ‘फॉर’ नंतर काय आले आहे ते पाहावे. ‘फॉर द टिकेट्स’ असेल तर तिकिटांचे पैसे. ‘फॉर व्हॉट यू डिड’ असेल तर बहुधा सूड. मात्र मदतीचा विषय चालू असेल, तर कृतज्ञता. लिहिताना क्रियापद असेल तर ‘पे’ आणि ‘बॅक’ सुटे लिहितात, नाम असेल तर जोडून.

मराठीतला ‘परतफेड’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. कर्जाची परतफेड होते, तशी अपमानाचीही. त्यामुळे चॅटमध्ये नुसते ‘आय विल पे यू बॅक’ लिहिण्याऐवजी रक्कम किंवा कारणही लिहिलेले बरे.