नवजात बाळासाठी जपानी भेट : निवड, संकेत आणि दक्षता

मराठी घरात बाळ जन्मले की आप्तेष्ट बाळंतविडा घेऊन येतात. झबले, टोपडे, कुंची, दुपटे अशा मऊ वस्तूंबरोबरच बाळाच्या आईसाठीही त्यात काही ना काही असते. जपानमध्ये याच प्रसंगी दिल्या जाणाऱ्या भेटीला ‘शुस्सान-इवाई’, म्हणजे प्रसूतीनिमित्तची शुभेच्छा, असे म्हणतात. टोकियोतील एदोगावा विभागात, विशेषतः निशी-कासाई परिसरात, अनेक मराठी कुटुंबे राहतात. पुणे आणि चाकण परिसरातील जपानी कंपन्यांमुळे जपानी कुटुंबांशी महाराष्ट्रातही परिचय वाढला आहे. त्यामुळे जपानी शेजाऱ्याच्या बाळाला काय द्यावे आणि जपानहून आपल्या नातलगांच्या बाळासाठी काय आणावे, हे दोन्ही प्रश्न आता अनेक मराठी घरांत विचारले जातात.

भेट केव्हा द्यावी

जपानी परंपरेत जन्मानंतरच्या सातव्या रात्री, म्हणजे ‘ओशिचिया’च्या दिवशी, बाळाचे नाव जाहीर केले जाते. सुमारे एका महिन्यानंतर बाळाला शिंतो मंदिरात नेतात. त्यास ‘ओमियामाइरी’ म्हणतात. शुस्सान-इवाई साधारणपणे या दोन विधींच्या दरम्यान देण्याचा प्रघात आहे. बाळंतीण आणि बाळ सुखरूप असल्याचे समजल्यानंतरच भेट द्यावी, हा त्यामागील विचार. जन्मापूर्वी भेट पाठविणे टाळले जाते. अगोदर कळविल्याशिवाय रुग्णालयात किंवा घरी जाणेही शिष्टसंमत मानले जात नाही.

गाठीचा आणि संख्येचा अर्थ

भेटीच्या वेष्टनावर ‘मिझुहिकी’ नावाची कागदी दोरी बांधलेली किंवा छापलेली असते. जन्माच्या भेटीवर लाल-पांढऱ्या दोरीची फुलपाखरासारखी गाठ असते. ही गाठ सोडून पुन्हा बांधता येते. असा आनंद पुन्हा पुन्हा यावा, अशी भावना तीत असते. लग्नाच्या भेटीवर मात्र न सुटणारी गाठ असते, कारण तो प्रसंग एकदाच यावा अशी अपेक्षा असते. दुकानात वस्तू बांधून घेताना प्रसंग सांगितल्यास योग्य वेष्टन दिले जाते.

चार आणि नऊ या संख्या टाळल्या जातात. जपानीमध्ये चारचा एक उच्चार ‘शि’ म्हणजे मृत्यू या शब्दासारखा, तर नऊचा ‘कु’ म्हणजे क्लेश या शब्दासारखा होतो. कात्री-सुरीसारखी धारदार वस्तू संबंध तोडणारी समजली जाते. हातरुमाल निरोपाशी जोडला गेला आहे, तर हिरवा चहा शोकप्रसंगी परतभेट म्हणून दिला जातो. म्हणून शुभप्रसंगी या वस्तू अनेकजण टाळतात.

परतभेटीचे ओझे

भेट स्वीकारणारे कुटुंब साधारण महिनाभरात ‘उचि-इवाई’ नावाची परतभेट पाठविते. ती बहुधा मूळ भेटीच्या निम्म्या किमतीची असते. ती बाळाच्या नावाने पाठविण्याची प्रथा आहे. मराठी रीतीप्रमाणे प्रेमापोटी फार मोठी भेट दिली, तर रात्रीची झोप नसलेल्या आईवडिलांना तेवढ्याच तोलामोलाची परतभेट शोधावी लागते. म्हणूनच शेजारी अथवा सहकाऱ्याने माफक किमतीची वस्तू देणे, किंवा अनेकांनी मिळून एकच भेट देणे उचित ठरते. मुलींच्या ३ मार्चच्या उत्सवातील बाहुल्या आणि ५ मेच्या उत्सवातील शिरस्त्राणाची प्रतिकृती किंवा कापडी मासे या मौल्यवान वस्तू बहुधा आजी-आजोबा देतात. तो मान त्यांच्याकडेच राहू द्यावा.

काय निवडावे

सर्वांत उपयुक्त भेट सुती कापडाची. शिकोकू बेटावरील एहिमे प्रांतातील इमाबारी येथे १८९४ पासून टॉवेल विणले जातात. इमाबारीच्या बोधचिन्हासाठी कापडाचा लहान तुकडा पाण्यात टाकल्यावर पाच सेकंदांच्या आत बुडावा लागतो, म्हणजे ते तितके पाणी शोषणारे असावे लागते. अनेक पदरांच्या विरळ सुती कापडाचे पांघरूण महाराष्ट्रातील उकाड्यातही चालते. कपड्यांवर ‘असानोहा’ म्हणजे भांगेच्या (हेम्प) पानाची नक्षी असल्यास तिला विशेष अर्थ असतो. हे झाड सरळ आणि झपाट्याने वाढते, तसे बाळ वाढावे, अशी ती सदिच्छा आहे.

जपानी कपड्यांचे माप वयावर नव्हे, तर बाळाच्या सेंटिमीटरमधील लांबीवर ठरते. नवजात बाळाला ५० ते ६० चे, तर वर्षाच्या बाळाला साधारण ८० चे माप लागते. पहिल्या महिन्यांचे कपडे घरोघरी भरपूर जमतात. त्यामुळे मोठे माप घेणे व्यवहार्य ठरते. मात्र त्या वयात बाळ पोहोचेल तेव्हा कोणता ऋतू असेल, याचा हिशेब करावा.

शुभचिन्ह म्हणून ‘इनु-हारिको’, म्हणजे कागदाच्या लगद्याचा कुत्रा, देतात. कुत्रीची प्रसूती सुलभ होते, या समजुतीतून तो बाळाचा राखणदार ठरला. काही कुत्र्यांच्या डोक्यावर बांबूची टोपली असते. बांबू आणि कुत्रा या दोन चिन्हांची जोडी ‘हसणे’ या अर्थाच्या अक्षरासारखी दिसते.

आडवी पाडली तरी उभी राहणारी ‘दारुमा’ ही बाहुली बोधिधर्मांचे रूप मानली जाते. परंपरेनुसार बोधिधर्म दक्षिण भारतातून चीनला गेले. भोसले राजांच्या तंजावरात, कुंभकोणम ज्या जिल्ह्यात येते त्या प्रदेशात, तशीच पुन्हा उभी राहणारी गोल बुडाची बाहुली बनते. जपानी परिचितांना भारतातून काही द्यावयाचे असल्यास ही तंजावरची बाहुली तिचा अर्थ स्वतःच सांगू शकेल.

बाळाची सुरक्षितता

कागदी कुत्रा, दारुमा किंवा तंजावरची बाहुली ही शोभेची चिन्हे आहेत. ती बाळाच्या तोंडात जाणार नाहीत अशा उंच जागी ठेवावीत. खेळणे घ्यावयाचे असल्यास जपानमध्ये १९७१ पासून दिले जाणारे ‘एसटी’ हे सुरक्षाचिन्ह पाहावे. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक आहे. सुटे होणारे लहान भाग आणि लांब दोऱ्या असलेली वस्तू टाळावी.

खाऊबाबत अधिक दक्षता आवश्यक आहे. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटविण्याची जुनी प्रथा आहे, तर ‘कास्तेरा’सारख्या काही जपानी मिठायांत मध असतो. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकते. टोकियोत २०१७ मध्ये मध दिलेल्या सहा महिन्यांच्या बाळाचा याच कारणाने मृत्यू झाला. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये. मिठाई आईवडिलांसाठी असेल, तर तिच्यात मध असल्याचे देतानाच सांगावे.