कुरणांच्या गावातली गवतबंदी

पाणीवाटपाचे जुने-नवे कायदे वाचायचा मला नाद आहे. त्यात अमेरिकेतल्या लास वेगासचे प्रकरण निराळेच. या स्पॅनिश नावाचा अर्थच ‘कुरणे’. ती ज्या झऱ्यांवर पोसली, ते उपशापायी १९६२ साली आटले. शहर मग कोलोरॅडो नदीवर वाढले. तिच्यातला नेवाडा राज्याचा वाटा १९२८च्या कायद्यापासून वर्षाला तीन लाख एकर-फूट, एवढाच.

एवढ्यात भागते कसे? घरातले सांडपाणी शुद्ध होऊन लेक मीड जलाशयात परत जाते. जितके गेले तितके पुन्हा उचलता येते. हिरवळीवर शिंपडलेले मात्र उन्हात उडून जाते. माझ्या मते तिथले सगळे नियम या एका हिशेबातून निघाले. म्हणून आंघोळीला धक्का नाही, गवतावर मात्र गदा! २००३मध्ये नव्या घरांच्या दर्शनी अंगणात हिरवळ लावायला बंदी आली. असलेली उपटणाऱ्याला चौरस फुटामागे पैसे मिळतात.

२०२१च्या कायद्याने ‘निरुपयोगी हिरवळ’ ठरवली. कार्यालयांपुढच्या, दुभाजकांवरच्या अशा गवताला २०२७पासून नदीचे पाणी बंद. खेळाची मैदाने वगळली, ते रास्तच. पण स्वतंत्र बंगल्यांचे गवतही वगळले. हा हिशेब पाण्याचा नव्हे, मतांचा असावा. सदनिकांच्या आवारातले शोभेचे गवत मात्र जाणार.