उत्तर न सांगणारे गुरुजी

तण म्हटले की आपल्याला खुरपे आठवते. पण मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमात, हेच तण विज्ञानाच्या तासाला कामी येत असे. त्याची ही हकीकत.

1972 साली रसुलियाचे क्वेकर मंडळींचे ग्रामीण केंद्र आणि बनखेडीजवळची किशोर भारती या दोन संस्थांनी सरकारच्या परवानगीने 16 शाळांत सहावी ते आठवीसाठी नवी रीत सुरू केली. मुलांनी चौघाचौघांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करायचे. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात प्रश्न भरपूर, तयार उत्तरे मात्र नाहीत.

मूळ आणि पान यांचाच धडा घ्या. मुले शेताच्या बांधावर जाऊन तण मुळासकट उपटून आणत. पानाच्या शिरा कशा आणि मूळ कसे, हे वहीत मांडत. पाच-दहा रोपे झाली की गंमत दिसू लागे. जाळीदार शिरा तिथे सोटमूळ. गवतासारख्या समांतर शिरा तिथे झुपकेदार तंतुमूळ! आता हे गुरुजींनी फळ्यावर लिहून दिले असते, तर दोन मिनिटांत धडा आटोपला असता. मुलांना मात्र बांधावर जायचे कारण उरले नसते. फूल उकलायला सुया नव्हत्या, तर बाभळीचे काटे होतेच की!

खरी अडचण होती गुरुजींची. उत्तर ठाऊक असूनही गप्प राहायचे, आणि ठाऊक नसले तर ‘चला, करून पाहू’ असे पोरांसमोर म्हणायचे. हे काही सोपे नाही, बरे का! म्हणून उन्हाळी शिबिरात शिक्षकांनाच विद्यार्थ्यांसारखे टोळीने बसवून तेच प्रयोग करायला लावीत. दिल्ली विद्यापीठातले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही तेथे येत. पुढे वर्षभर मासिक बैठकीत शिक्षक आपापल्या अडचणी मांडीत.

परीक्षाही बदलली. पुस्तक आणि वही उघडी ठेवून लेखी उत्तरे लिहायची, शिवाय हाताने प्रयोग करून दाखवायचा. माझ्या मते सगळ्यात धाडसाचे पाऊल हेच. कारण परीक्षा घोकंपट्टीची राहिली, तर बांधावरचा तास कोण घेईल?

1978 मध्ये ही रीत साऱ्या जिल्ह्यात गेली. त्याच सुमारास पुण्याच्या टेल्को कारखान्यातले अभियंते अरविंद गुप्ता तेथे आले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची त्यांची युक्ती तिथलीच. 1982 पासून ‘एकलव्य’ संस्थेने काम सांभाळले आणि ते इतर जिल्ह्यांतही पसरले.

2002 साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला, आणि या शाळांत पुन्हा नेहमीची पाठ्यपुस्तके आली.

मुलांच्या पत्रांसाठी तिथे एक नाव ठरलेले होते, सवालीराम. कसलाही प्रश्न पडला की त्याला लिहायचे. सवालीराम नावाचा माणूस कुणी नव्हताच. उत्तरे मात्र पोस्टाने घरी येत.