‘थर्मल कॅमेरा’ ॲप खरंच उष्णता बघतं का? चला, गणितच करू

दिवाळीत ओझरला मावशीकडे गेलो होतो. तिथे विमानांचा आवाज काही नवीन नाही. एचएएलचा कारखाना १९६४ पासूनचा, आधी मिग-२१ बनायची, नंतर सुखोई-३०. मावसभाऊ फोन पुढे करत म्हणाला, “दादा, सुखोईच्या काचेपुढे तो गोळा असतो ना, उष्णता बघणारा? तेच काम हे ॲप करतं. फक्त ३९९ रुपये मागतंय, भरू का?”

स्क्रीनवर त्याचा चेहरा लालपिवळा दिसत होता. म्हटलं, थांब, आधी हिशेब करू.

प्रत्येक वस्तू तापमानानुसार किरण सोडते. सगळ्यात जास्त किरण कोणत्या तरंगलांबीचे, हे काढायचं तर २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये मिळतं. आपलं अंग साधारण ३१० केल्विन, म्हणजे ९.३ मायक्रॉन. आता फोटॉनची ऊर्जा: १.२४ भागिले ९.३, म्हणजे ०.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

फोनचा सेन्सर सिलिकॉनचा असतो. त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला एका फोटॉनकडे किमान १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आपल्याकडे आहेत ०.१३. आठ पट कमी! आणि असे आठ फोटॉन एकत्र येऊनही काम करत नाहीत, हीच तर क्वांटमची गंमत. वर फोनची लेन्स ९ मायक्रॉनचे किरण आत येऊच देत नाही. खऱ्या थर्मल कॅमेऱ्याची लेन्स म्हणूनच बहुतेकदा जर्मेनियमची असते.

टीव्हीच्या रिमोटचा दिवा मात्र फोनमध्ये चमकताना दिसतो (मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीवाल्यात बघा). कारण तो बहुधा ०.९४ मायक्रॉनचा, ऊर्जा १.३२. पास!

मग विमानातले सेन्सर कसं जमवतात? जेटचा ९०० केल्विनचा तापलेला भाग ३.२ मायक्रॉनला चमकतो, ऊर्जा ०.३९. सिलिकॉन इथेही नापास. म्हणून अशा कामाला इंडियम अँटिमोनाइड वापरतात, त्याला साधारण ०.२३ पुरतात. पण उंबरठा खाली आणला की दुसरी भानगड होते. सेन्सरच्या स्वतःच्या उष्णतेनेच इलेक्ट्रॉन उड्या मारू लागतात. बोल्ट्झमनच्या सूत्राने ढोबळ अंदाज काढू. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा ०.०२६. ०.२३ ला तिने भागलं की ८.८, म्हणजे उडी मारण्याची शक्यता साधारण साडेसहा हजारांत एक. इलेक्ट्रॉन इतके असंख्य असतात, की एवढ्यानेही चित्र खराब होतं. तोच सेन्सर ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १९६ अंशांपर्यंत थंड केला तर भागाकार ३५ च्या आसपास जातो आणि शक्यता एकावर पंधरा शून्यांत एक! त्यासाठी सेन्सरला छोटा कूलर जोडलेला असतो. तुमच्या खिशातल्या फोनला तो कुठून येणार?

काही मोजक्या फोनमध्ये खरा थर्मल सेन्सर असतो, पण तो वेगळा बसवलेला. नुसत्या ॲपने तो तयार होत नाही. ॲप फक्त उजेड जास्त तिथे लाल आणि कमी तिथे निळा रंग भरतं.

भावाचा विश्वास बसेना. मग मावशीचा नुकताच उतरवलेला काळा तवा आणि फ्रिजमधल्या दुधाचा ग्लास शेजारी ठेवून ॲप लावलं. दूध लालभडक, तवा निळाशार! ३९९ रुपये वाचले, आणि तव्याला हात लावून खात्री करायला गेलेल्या भावाचं बोट तेवढं पोळलं.