कै. बाळू पालवणकर : चेंडूच्या बळावर मिळविलेला मान

संतशिरोमणी रोहिदास महाराजांची जयंती आपण चर्मकार बंधुभगिनी भक्तिभावाने साजरी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु याच समाजाच्या कुशीत जन्मलेल्या, खेळाच्या बळावर साऱ्या हिंदुस्थानात आणि सातासमुद्रापलीकडे कीर्ती मिळविलेल्या एका पुरुषाचे नाव आपल्या घरांतून फारसे ऐकू येत नाही. ते नाव म्हणजे कै. बाळू बाबाजी पालवणकर. त्यांचा जीवनवृत्तान्त आपल्या कुटुंबांतील मुलामुलींच्या हाती पडावा, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे कुटुंबाचा मुक्काम पुढे पुण्यास आला. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे क्रिकेट शिकले. शाळा फार काळ लाभली नाही. एका पारशी क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे आणि प्रसंगी सभासदांना चेंडू टाकणे या कामासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन चार रुपये झाले.

तेथेच त्यांच्या डाव्या हाताची जादू उघड झाली. वेग मंद, पण चेंडूची फिरकी, टप्पा आणि उंची यांत सतत फरक. त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज कॅप्टन ग्रेग याला ते रोज सराव देत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे ग्रेगसाहेबाने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. मात्र शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हाती सरावासाठी एकदाही बॅट देण्यात आली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फलंदाजी साहेबाची आणि राबणे चाकराचे, अशीच ती वाटणी होती. खुद्द इंग्लंडातही हौशी ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारा ‘प्लेअर’ हा भेद १९६२ पर्यंत टिकून होता. आपल्याकडे त्यावर जातिभेदाची आणखी एक पुटी चढली, इतकेच.

साहेबाला सतावणारा हा गोलंदाज पुण्याच्या हिंदू क्लबाला हवासा वाटू लागला, तेव्हा मोठाच पेच पडला. चेंडू तर त्याने टाकावा, पण त्याला पंक्तीस कसे घ्यावे? शेवटी तोडगा निघाला तो असा : मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा, परंतु चहाच्या वेळी इतरांनी तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घ्यावा आणि बाळूंना तो तंबूबाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून मिळावा. जेवणाचे ताट निराळे आणि बसण्याची जागाही निराळी. असा अपमान गिळून या माणसाने आपल्या संघाला विजय मिळवून दिले. साताऱ्याच्या युरोपियन संघाचा पराभव करून परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

पुण्यात प्लेगचा कहर झाला, त्या सुमारास बाळू मुंबईस आले. हिंदु जिमखान्यात त्यांना घेण्यास काही सभासदांचा विरोध होता. पण गुणांपुढे तो टिकला नाही. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि तिच्याही संघातून ते खेळू लागले. मुंबईत ते व शिवराम संघातील इतरांबरोबर बसून खाऊपिऊ लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. या चर्मकार बंधूंना जिमखान्यात मिळालेल्या प्रवेशाने तरुण हिंदूंची मने जितकी उदार झाली, तितकी इतर कोणत्याही प्रयत्नाने झाली नसतील, अशा आशयाचा अभिप्राय ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ पत्राने त्या वेळी दिला.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनकच झाली. परंतु वयाच्या पस्तिशीत असलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८, तर लीस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून ११ बळी त्यांनी टिपले. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद शतक झळकाविले. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते.

एवढे होऊनही एक दार बंदच राहिले. चौरंगी सामन्यांत युरोपियन, पारशी व मुसलमान यांच्याशी झुंजणाऱ्या हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी, हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंचा होता, असे मोठ्या मनाने जाहीरपणे सांगितले. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि पै यांच्या गैरहजेरीत, विठ्ठल पालवणकरांना डावलून प्रा. दि. ब. देवधरांना कर्णधार नेमण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जातीमुळे होणारा हा अपमान सहन करणार नाही, असे जाहीर करून सामन्यातून अंग काढून घेतले. लोकमत खवळले. पुढच्या सामन्यात दोघे बंधू सन्मानाने परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखविली. आम्हा नाशिककरांच्या डोळ्यांपुढे काळाराम मंदिराच्या दारी १९३० च्या मार्चमध्ये सुरू झालेला सत्याग्रह उभा राहतो. त्याच्या दहा वर्षे आधी क्रीडांगणाच्या दारी झालेला हा सत्याग्रहही त्याच जातीचा होता, असे आम्ही मानतो.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. विभक्त मतदारसंघ आणि १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी केलेली धर्मत्यागाची घोषणा, या दोन्ही बाबतींत त्यांचे मत बाबासाहेबांच्या विरुद्ध होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आमच्या समजुतीप्रमाणे, बाळूंच्या विस्मरणाचे एक कारण या निवडणुकीत आहे. बाबासाहेबांचे ऋण मानणाऱ्या समाजाला त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव घेणे अवघड वाटले. हा संकोच आता सोडावा, अशी आमची नम्र विनंती आहे. बाबासाहेबांचा मार्ग इतिहासाने खरा ठरविला. पण म्हणून ज्याच्या कर्तृत्वाचा त्या तरुण वयात खुद्द भीमरावांना अभिमान वाटला, त्याला आपण परके करावे काय? विठ्ठलरावांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहून ठेवले, आणि २००२ मध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या बंधूंची कथा इंग्रजी वाचकांपुढे मांडली. जगाने दखल घेतली; घरच्यांनी मागे राहू नये.

या चरित्रातून आपल्या तरुणांनी दोन गोष्टी घ्याव्यात. गुण असला की दार किलकिले होते, हे बाळूंनी दाखविले. पण ते सताड उघडण्यासाठी अन्यायाला ठामपणे नकार द्यावा लागतो, हे त्यांच्या धाकट्या बंधूंनी दाखविले. आज आपली मुले शाळेच्या आणि क्लबच्या मैदानावर सर्वांबरोबर एकाच पेल्यातून पाणी पितात. त्या पेल्यामागे तंबूबाहेरचे ते मातीचे भांडे आहे, एवढे त्यांना घरोघरी सांगितले जावे, हीच कै. बाळूंना खरी आदरांजली होय.